पाचवी खूण

१

मंठ्यात दुपारी चारच्या सुमाराला आमच्या कॉलनीत फारसं काही होत नाही. आला तर नळ येतो, समोरचे माऊली म्हशीला शिव्या देत उठवतात, आणि माझ्या घरी विमानं ओळखायचा खेळ सुरू होतो.

इतर म्हातारे पत्ते खेळतात. आम्ही तिघं, मी, बद्रीनाथ आणि तातेराव, जुनी लढाऊ विमानं ओळखतो. आता जी संग्रहालयात नाहीतर शहरातल्या चौकात सिमेंटच्या खांबावर बसवलेली दिसतात, ती. एकाने विमान मनात धरायचं आणि पाच खुणा द्यायच्या, बाकीच्या दोघांनी ओळखायचं. ओळखलं की नाव मोठ्याने घ्यायचं. बरोबर असेल तर खुणा देणारा आतून म्हणतो, "बराबर!"

आतून, कारण खुणा देणारा आमच्यासमोर बसत नाही. बद्रीनाथच्या भुवया बेइमान आहेत. उत्तर जवळ आलं की त्या वर चढतात. तातेरावांनीच मग नियम केला, की खुणा देणाऱ्याने पुस्तकांच्या खोलीत जाऊन, दार किलकिलं ठेवून, भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसायचं. बाहेर फक्त आवाज आला पाहिजे.

पाचवी खूण नेहमी विमानाच्या आवाजाची असते. हा नियम माझा. मी पस्तीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. द्रवातून ध्वनी कसा जातो यावर माझी पीएचडी आहे. बद्रीनाथ, ज्याचं खताचं दुकान आता त्याचा मुलगा पाहतो, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "सरांनी पाण्यात कान बुडवून डॉक्टरकी मिळवली." असो. आवाजाच्या बाबतीत माझी चूक होत नाही. इतर बाबतींत होत असेल, आणि ती झाली की काय या काळजीत मी दिवसातून अनेकदा असतो, पण आवाजाच्या बाबतीत नाही.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याची गरज पडेल.

२

संध्या, माझी पत्नी, माघ महिन्यात न्हाणीत घसरली. खुब्याचं ऑपरेशन जालन्याला झालं. तेव्हापासून तिची कॉट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून आहे. तिला उठवायला दोन माणसं लागतात. सकाळी कामाला येणारी नंदाबाई आणि मी मिळून तिचं सगळं करतो. दुपारनंतर मी एकटा असतो.

आमची मुलगी रूपाली पुण्याला असते. तिचं माझ्यावर लक्ष आहे. दोनदा गॅस चालू राहिला. एकदा मी संध्याला रात्रीची गोळी दुपारी दिली. फोनवर रूपालीला मी माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि ती बहीण जाऊन फार वर्षं झाली. तेव्हा रूपाली म्हणाली, "पप्पा, तुमच्या भरवशावर आईला ठेवायचं, तर तुमचं डोकं ठिकाणावर पाहिजे. न्हाई तर मी आईला इकडं आणते. दोघांचं मात्र मला झेपायचं न्हाई. तुम्ही आष्टीला काकांकडं राहा."

एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर एक पुण्याला आणि एक आष्टीला. संध्याने फक्त पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं, बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असताना.

म्हणून एप्रिलमधल्या त्या दुपारी जे झालं ते मी कोणाला सांगितलं नाही.

कूलर चालू होता. संध्याचा डोळा लागला होता. पुस्तकांच्या खोलीतून बद्रीनाथचा आवाज आला, "पहिली खूण. पंख डोक्यावर."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मागच्या दाराने गुपचूप येऊन खुर्ची पकडायची त्याची जुनी खोड आहे, कारण खुणा देणाऱ्याला चहा पहिल्यांदा मिळतो.

"दुसरी खूण. चाकं पोटात घेत नाही, उघडीच ठेवतं. तिसरी खूण. शेताएवढ्या जागेत उतरायचं, रात्री, हेरांना सोडायला."

"लायसँडर!" मी म्हणालो. तिसऱ्या खुणेवर. मला अजून जमतं याचा केवढा आनंद झाला! आतून 'बराबर' आलं नाही. बद्रीनाथ हरला की कुरकुरतो, तसं काहीतरी असेल असं वाटलं.

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बद्रीनाथ काखेत टरबूज घेऊन आत आला. त्याच्या मागे छत्री मिटत तातेराव.

"जय भीम, सर," तातेराव म्हणाले.

"काय सर, एकलेच बोलून राह्यले का?" बद्रीनाथने टरबूज खाली ठेवलं. "गेटापातूर आवाज येऊन राह्यला तुमचा."

"संध्याशी बोलत होतो."

त्याने कॉटकडे पाहिलं. "वहिनी तर घोरून राह्यल्या."

"तेच तर," तातेराव म्हणाले. "वहिनी झोपल्याशिवाय सरांना बोलायला मिळतं कधी?"

दोघं हसले. मीही हसलो. मग पाणी आणायला म्हणून उठलो आणि जाता जाता पुस्तकांच्या खोलीचं दार ढकललं. खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. मागच्या दाराला आतून कडी होती.

३

संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. ऊन कलतं झालं होतं. तेव्हा पश्चिमेकडून इंजिनाचा आवाज आला.

मंठ्यावरून विमानं जातात ती फार उंचावरून, पांढरी रेघ ओढत. खाली येतं ते फक्त निवडणुकीतलं हेलिकॉप्टर. हा आवाज त्यातला नव्हता. पंख्याचं, एका इंजिनाचं, गोलाकार मांडणीच्या सिलिंडरांचं विमान, लायसँडरसारखं. मी नीट विचार केला. मळणीयंत्र? त्याला इतका भरदारपणा नसतो. बोअरची गाडी? ती एका जागी ओरडते. हा आवाज सरकत होता. जवळ येताना किंचित चढा आणि लांब जाताना किंचित उतरता, जसं मी वर्गात वर्षानुवर्षं रेल्वेच्या शिटीचं उदाहरण देऊन शिकवलं तसं. आवाज माझ्या डोक्यावरून गेला. आकाशात काही नव्हतं. खाली माऊली म्हशीला पाणी पाजत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हशीने केली.

मी जिना उतरून घरात आलो. पुस्तकांच्या खोलीतून बद्रीनाथचा आवाज आला, शांत, काहीच आनंद नसलेला.

"बराबर."

४

मी शिकलेला माणूस आहे. घाबरलो तरी आधी तपासतो.

पहिली शक्यता अशी, की माझं डोकं बिघडलं आहे. या शक्यतेला मी सर्वांत जास्त गुण दिले. पण माझे पाढे, संध्याच्या गोळ्या, जुन्या विद्यार्थ्यांची नावं, सगळं मी रोज सकाळी म्हणून पाहत होतो, आणि ते जागच्या जागी होतं.

पुढच्या वेळी खोलीतून आवाज आला तो तातेरावांचा होता. मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. नंतर ऐकलं तर कूलरची घरघर होती आणि मधेच माझा एकट्याचा आवाज, "व्हँपायर!" त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर शिटीसारखा जेटचा आवाज आला आणि मिरच्यांवरून सावली सरकत गेली. एका धडाला मागे दोन शेपट्या. लाल मिरच्या क्षणभर काळ्या झाल्या आणि पुन्हा लाल. मी वर पाहिलं नाही. का पाहिलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही.

खाली आल्यावर, "बराबर."

मग मी एक प्रयोग केला. खुणा ऐकायच्या, ओळखायचं, पण नाव घ्यायचं नाही. पाच खुणा झाल्या. थोडं थांबून त्याच पाच पुन्हा. पुन्हा. आवाज चढला नाही, चिडला नाही. मी तोंडावर हात ठेवून बसलो. बद्रीनाथच्या चपला ओट्यावर वाजल्या तेव्हा तो आवाज थांबला. त्या संध्याकाळी आकाशातून काही गेलं नाही.

म्हणजे नाव घेतलं तर येतं आणि नाही घेतलं तर येत नाही. एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकत होतो.

खोलीही मी पाहिली, भर उजेडात, दार सताड उघडून. पुस्तकं, खुर्ची, जुनं शिवणयंत्र. खुर्चीसमोरच्या भिंतीवर चुन्यात एक ओलसर गोल डाग होता. माणूस भिंतीजवळ तोंड नेऊन बराच वेळ बोलला, की त्याच्या श्वासाने पडेल तसा. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पीठ भिजवायलाही पाणी पुरत नव्हतं. मी खुर्चीवर बसून पाहिलं. डाग माझ्या तोंडासमोर येत नव्हता. बद्रीनाथ ठेंगणा आणि तातेराव उंच, पण त्यांच्याही तोंडासमोर आला नसता. तो बराच वर होता. तिथे बसून बोलणाऱ्याचं डोकं छताच्या जवळ गेलं असतं.

मी ओल्या फडक्याने डाग पुसला. मग लक्षात आलं, ओल्या फडक्याने ओल पुसली जात नाही. शिकलेला माणूस घाबरल्यावर असा वागतो.

५

रूपाली रविवारी सकाळी आली, न कळवता. आल्याआल्या गॅसचं बटण पाहिलं, गोळ्यांचा डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"नंदामावशीचा फोन आल्ता," ती म्हणाली. "दुपारी रिकाम्या खोलीशी बोलता म्हणे तुम्ही. समोरच्या माऊलींनी सांगितलं तिला."

"खेळाची तयारी करतो."

"पप्पा."

"तुला खोटं वाटत असेल तर थांब चारपर्यंत. समोर बसून बघ. तिसऱ्या खुणेच्या पुढे मी जात नाही."

संध्या कॉटवरून म्हणाली, "बघ गं बाई एकदा. ह्यांना मीठ कुठं ठेवलंय ते आठवत न्हाई, पर कोणत्या विमानाला किती नट हायेत ते इचार."

रूपालीला हसू आलं. तिने आईच्या केसांवरून हात फिरवला. "ठीक आहे. बघते. पण पप्पा, न्हाई जमलं तर मंग मी आईला उद्या नेणार. मला शब्द द्या, भांडायचं न्हाई."

मी शब्द दिला. मला खात्री होती. खेळ खरा होणार होता, खऱ्या माणसांबरोबर, चारचौघांत. बद्रीनाथ आत जाऊन बसणार, आणि तो आत गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. मग भ्यायचं कशाला?

६

बद्रीनाथ आत गेला. मी पाहिलं. दार किलकिलं केलं, खुर्ची करकरली. तातेराव माझ्या शेजारी बसले, रूपाली आईच्या पायथ्याशी.

"पहिली खूण," बद्रीनाथ आतून म्हणाला. "ह्याच्यात कोणी बसत न्हाई."

तातेरावांनी कान खाजवला. मी हसलो नाही.

"दुसरी खूण. इंजिन पाठीवर."

मला उत्तर कळलं. त्याच क्षणी कळलं. ते विमान म्हणावं की नाही यावर आमचा मागे वाद झाला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी लंडनवर सोडायचे ते. पंख असलेला, आपोआप उडणारा बॉम्ब.

"तिसरी खूण. नाकावर छोटा पंखा, पण तो ओढत न्हाई. तो फक्त अंतर मोजतो."

"सर?" तातेराव म्हणाले. "तुमचं तर तोंड उघडायला पाहिजे होतं आतापर्यंत."

रूपाली माझ्याकडे पाहत होती. मी गप्प बसलो. नाव घेतलं तर ते येणार होतं. आतापर्यंतची आली आणि गेली, कारण ती जाणारी होती. हे जाणारं नव्हतं.

"चौथी खूण. हे परत जात न्हाई."

"पप्पा," रूपाली हळूच म्हणाली. तिच्या आवाजात वाट पाहणं होतं. तिलाही मी जिंकायला हवा होतो. तिने आईच्या पायावर हात ठेवला होता आणि तो हात घट्ट झाला होता. संध्या छताकडे पाहत होती.

"पाचवी खूण. फटफटीसारखा आवाज. तो चालू हाय तवर खालची माणसं निर्धास्त. थांबला की जमिनीला पालथी."

खोलीत फक्त कूलर. रूपालीने डोळे मिटले. ती मनात आईचं सामान बांधू लागलेली मला स्पष्ट दिसली. मी स्वतःला बजावलं, आत बद्रीनाथ आहे, तू त्याला जाताना पाहिलंस, हा खेळ आहे.

"उडता बॉम्ब," मी म्हणालो. "जर्मनांचा. व्ही-वन."

मग आतून खुर्ची मागे सरकली आणि बद्रीनाथ दारात आला. त्याच्या भुवया कपाळाच्या मध्यावर होत्या.

"काय बोलून राह्यले, सर? मी तर लिबरेटरच्या खुणा दिल्या. चार इंजिनं. इंग्रज मोडून टाकून गेले आन् कानपूरला आपल्या माणसांनी पुन्हा उडवले, इथपर्यंत सांगितलं. तुमच्यासाठी सोपं धरलं हो आज."

मी तातेरावांकडे पाहिलं.

त्यांनी नजर चुकवली. "चार इंजिनं बोलला तो, सर. मी बी ऐकलं."

रूपाली उठली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझा खांदा दाबला. "राहू द्या, पप्पा. थकलात तुम्ही."

७

ती बद्रीनाथच्या गाडीवर बसून बाजारात गेली. उद्याची ॲम्ब्युलन्स ठरवायची होती, वाटेसाठी औषध घ्यायचं होतं. तातेरावांनी जाताना जोडे घालायला फार वेळ घेतला.

मी कॉटजवळ खुर्ची ओढून बसलो. शब्द दिला होता. भांडायचं नव्हतं.

"आष्टीला उन्हाचं फिरू नका," संध्या म्हणाली. "आन् जाऊबाईंना भाजीत तेल कमी घालायला सांगा."

"सांगतो."

"न्हाई सांगणार तुम्ही. इसरताल."

मी तिचा हात हातात घेतला. कूलर बंद पडला. वीज गेली होती. मी वारं घालायला पेपर उचलला.

"अहो," संध्या म्हणाली, "ही कोणाची फटफटी हो?"

मी पेपर खाली ठेवला. मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. मग आलं. लांबून, पश्चिमेकडून, फट-फट-फट-फट, एका सुरात. एका बाजूने बंद असलेल्या नळीचा सूर. प्रयोगशाळेत मुलांकडून मी तो हजार वेळा काढून घेतला होता.

"तुला ऐकू येतंय?"

"न यायला काय झालं? बहिरी हाय का मी?"

मी हसलो. मनापासून हसलो. तिला ऐकू येत होतं! माझं डोकं शाबूत होतं. पाढे, गोळ्या, सगळं जागच्या जागी होतं. रस्त्यावर धावत जावं आणि रूपालीला अर्ध्या वाटेतून परत आणावं, असं वाटलं. बघ, तुझ्या आईला विचार, म्हणावं.

मी दारापर्यंत गेलोही. तिथे माझे पाय थांबले.

तिला ऐकू येत होतं. म्हणजे ते होतं.

आवाज वाढत होता. खिडकीची तावदानं थरथरू लागली. संध्याच्या उशाशी पाण्याचा पेला होता, त्यात मधून कडेला वर्तुळं उठत होती, एकामागून एक, एकसारखी. समोर माऊलींची म्हैस दावं ओढत होती. कॉट दारातून बाहेर निघत नाही. संध्याला उचलायला दोन माणसं लागतात. मी हे सगळं अगदी शांतपणे मनात मांडलं, वर्गात फळ्यावर मांडावं तसं, आणि उत्तर आलं ते पुन्हा तपासलं. तेच आलं.

"चालू राहू दे," मी म्हणालो.

"काय चालू राहू दे? माणसाचं डोकं उठलं. त्याला म्हणावं बंद कर."

"राहू दे, संध्या. चालू राहू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय दिसलं माझ्या तोंडावर कोण जाणे. ती म्हणाली, "इकडं या. बसा इथं."

आवाज आता घराच्या बरोबर वर होता. मग थांबला. एखादं बटण दाबावं तसा, एकदम.

"हुश्श," संध्या म्हणाली आणि डोळे मिटले. "बंद झालं बाई एकदाचं."

मी कॉटवर चढलो. तिच्या आणि खिडकीच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यात बसलो, पाठ खिडकीकडे करून, आणि तिचं डोकं छातीशी घेतलं. पेल्यातलं पाणी स्थिर झालं होतं.

पुस्तकांच्या खोलीत खुर्ची करकरली. बोलण्याआधी माणूस जरा सावरून बसतो, तशी.